खिडकीतला काळोख

"परत बोगदा!" मागच्या रांगेतल्या बाईंनी मोबाइल मांडीवर ठेवला. नाशिकचा पंधरा-वीस जणांचा गट होता. कटऱ्याहून गाडी सुटून अर्धा तासही झाला नव्हता, आणि तेवढ्यात त्यांनी कितीदा तरी कॅमेरा चालू करून बंद केला होता. "एवढं ऐकलं होतं या गाडीबद्दल. दिसत तर काहीच नाही."

मी मागे वळले नाही. खिडकीशी बाबा बसले होते. काचेत त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यांच्या खांद्यामागे माझा.

कटरा ते बनिहाल हा टप्पा १११ किलोमीटरचा आहे. त्यातले ९७ किलोमीटर बोगद्यात जातात. उरलेल्या चौदांतला बराचसा भाग पुलांचा. हिमालयातून जाणारी म्हणून जिचं नाव झालं, ती गाडी इथे खरोखरच हिमालयातून, त्याच्या पोटातून जाते. त्या ९७ किलोमीटरांतले थोडे मला आतून ठाऊक आहेत. २०१४ ते २०२० अशी सहा वर्षं मी या मार्गावरच्या एका बोगद्यात भूशास्त्रज्ञ म्हणून काम केलं. दुग्गा आणि सांगलदानच्या मधला हा बोगदा. त्यातला दगड कुठे कसा बदलतो हे मला अजून पाठ आहे. पण पूर्ण झालेल्या बोगद्यातून मी कधी गेले नव्हते. रूळ पडायच्या आधीच मी काम सोडून पुण्याला आले होते.

बाबा कोकण रेल्वेत ट्रॅकमन होते. संगमेश्वर तालुक्यात आमची भाताची तीन खाचरं आणि काही हापूसची कलमं रेल्वेच्या जागेत गेली. जमीन गेलेल्या घरातला एकजण नोकरीला, या हिशेबाने बाबा गँगमध्ये लागले. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे सलग सुरू झाली तेव्हा मी दुसरीत होते. माझ्या लेखी पावसाळा म्हणजे बाबांची गस्त. खांद्याला पिशवी, तिच्यात लाल-हिरवे झेंडे आणि फटाके. हे फटाके रुळावर बसवायचे असतात. पुढे धोका असेल तर गाडीच्या चाकाखाली ते फुटतात आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. बाबा रात्री निघाले की आई दाराशी बसून पावसाचा आवाज ऐकायची. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. ती जागा बाबांच्या बीटपासून लांब होती. तरी त्या पावसाळ्यात बाबा घरी असले तरी घरात नसायचे. जेवताना मध्येच हात थांबायचा आणि ते कान देऊन ऐकायचे.

६ जून २०२५ ला कटरा-श्रीनगर गाडी सुरू झाली, तेव्हा बाबांनी टीव्हीवरून नजर न काढता विचारलं, "तुझा बोगदा खंयचा यातला?" पहलगामच्या हल्ल्याला तेव्हा दीडच महिना झाला होता. सव्वीस माणसं मारली गेली होती, त्यातली सहा महाराष्ट्रातली. आई म्हणाली, मी येणार नाही आणि तुम्हीही जाऊ नका. बाबा तिच्याशी वाद घालत बसले नाहीत. पाऊस संपू दे, एवढंच म्हणाले. ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही दोघांनी वांद्र्याहून स्वराज एक्स्प्रेस पकडली. कटऱ्याला उतरून, सामानाची आणि अंगाची तपासणी करून घेऊन दुसऱ्या सकाळी या गाडीत बसलो. आईने दिलेले नाचणीचे लाडू तपासणीच्या टेबलावर एकेक करून मोजले गेले. बाबांना ते मुळीच खटकलं नाही. "त्यांची ड्यूटी आहे," म्हणाले.

कटऱ्याहून निघालं की त्रिकुटा डोंगराच्या पायथ्याचा बोगदा लागतो. जेमतेम सव्वातीन किलोमीटरचा, पण आम्ही सगळे तिकडच्या बातम्या श्वास रोखून ऐकायचो. तिथे चुरा झालेला डोलोमाइट आणि त्यातून सुटणारं पाणी. या मार्गावरची अगदी शेवटी संपलेली कामं त्याच बाजूची. त्यातून बाहेर पडतो न पडतो तोच अंजी खड्डवरचा पूल आला. तिरक्या केबल्स खिडकीवरून सरसर गेल्या. एकाच खांबाला धरून उभा असलेला हा पूल आहे. खांब पायापासून १९३ मीटर उंच, केबल्स ९६. नाशिकच्या मंडळींना दोन फोटो मिळाले. मग रियासी, आणि पुन्हा काळोख.

बाबांनी तळवा काचेला टेकवला. थोडा वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "खडी नाय गो हितं."

मी चकित झाले. बंद डबा, गार हवा, डबाभर माणसांची बडबड, आणि पासष्टीला आलेल्या माणसाला रुळाखाली खडी नसल्याचं कळलं होतं. या बोगद्यांत रूळ थेट काँक्रीटच्या लाद्यांवर बसवले आहेत. आत खडी टाकली की ती पुन्हा पुन्हा ठोकून नीट बसवावी लागते, आणि लांब बोगद्यात ते काम करणाऱ्यांचे हाल होतात. बाबांनी ते हाल काढले होते. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. डिझेल इंजिनं होती तेव्हा तिथे काम करून आलं की दोन दिवस नाकातून काळं निघायचं, असं ते सांगत. "चांगला केलानी," ते म्हणाले. "पोरांची पाठ वाचली."

पुढचा बोगदा संपला आणि डबाभर एकदम उजेड पडला. "चिनाब! चिनाब!" नाशिकचा गट उठून डाव्या-उजव्या खिडक्यांवर धावला. मीही उभी राहिले. खाली, खूपच खाली, हिरवट करड्या पाण्याची दोरी दिसत होती. नदीच्या तळापासून रूळ ३५९ मीटर उंच. पूल १,३१५ मीटर लांब. मधली कमान ४६७ मीटरची. गंमत अशी की जगभर ज्या कमानीचे फोटो फिरले, ती गाडीत बसलेल्याला दिसतच नाही. ती पायाखाली असते. दिसते ती फक्त दरी आणि समोरचा डोंगर. एखाद्या मिनिटाचा उजेड.

बाबा उठले नव्हते. खिडकीतून खाली बघत होते. "पानवलच्या पुलावर उभं राह्यलो तरी माझे पाय लटपटायचे," ते म्हणाले. पानवलचा पूल ६४ मीटर उंच, आणि त्या काळी त्याचं केवढं कौतुक झालं होतं. मग थोड्या वेळाने, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "आपल्या कॉर्पोरेशननं बांधलान हा."

तेही खरंच होतं. कटऱ्यापासून पुढच्या या भागाचं काम, चिनाब आणि अंजीच्या पुलांसकट, कोकण रेल्वे कॉर्पोरेशनकडे होतं. कोकणात डोंगर पोखरून जे लोक शिकले त्यांतले कित्येक इथे आले. साइटवरच्या मेसमध्ये राजमा-चावल खाताना समोरून "जरा कालवण सरकव" असं ऐकू आलं की मी दचकून वर बघायची.

मी तिथे असताना पुलाच्या कमानीची दोन्ही टोकं दोन काठांवरून हवेत पुढे येत होती. दरीवर ताणलेल्या केबलवरून पोलादाचे तुकडे एकेक करून जायचे. एवढे मोठे भाग घाटरस्त्याने आणणं शक्य नव्हतं, म्हणून जोडकामाच्या कार्यशाळा तिथेच डोंगरावर उभारल्या होत्या. काम २००४ मध्ये सुरू झालं, २००८ मध्ये थांबलं, मार्गच बदलावा का यावर वाद झाले, मग पुन्हा सुरू झालं. दोन्ही टोकं जुळली ५ एप्रिल २०२१ ला. मी तेव्हा पुण्यात होते. फोनवर ते चित्र बघितलं आणि दुपारभर दुसरं काही सुचलं नाही. पुलाचे पाय ज्या उतारांवर टेकले आहेत तो डोलोमाइट भेगांनी भरलेला आहे. तो टिकवायचा कसा, या प्रश्नावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रा. माधवी लता सतरा वर्षं सल्लागार होत्या. आमच्यासारख्या मुलींना त्यांचं नाव फार उपयोगी पडायचं. बाईचं इथे काय काम, असं कुणी म्हणालं की आम्ही समोरच्या पुलाकडे बोट दाखवायचो.

आणि म्हणणारे होते. बोगद्याचं खोदकाम चालू असताना बाईमाणूस आत आलं तर डोंगर कोपतो, अशी पक्की समजूत. मी रुजू झाले तेव्हा पहिले दोन आठवडे मला पोर्टलच्या, म्हणजे बोगद्याच्या तोंडाच्या आत कुणी नेलं नाही. आमचा फोरमन नेपाळचा, तीस वर्षं बोगद्यांत काढलेला. अतिशय अदबीने म्हणायचा, "मॅडम, आप फोटो देख लीजिए, सब साफ आया है." त्याच्या डोळ्यांत मला कमी लेखणं नव्हतं, भीती होती. ज्याने छत कोसळताना पाहिलं आहे त्याच्या भीतीला मी हसू शकत नव्हते. पण फोटोवरून दगड कळत नाही. हातोडी मारली की दगड वाजतो, आणि तो कसा वाजतो त्यावर बरंच ठरतं. पंधराव्या दिवशी मी सांगितलं, फोटोवरून मी सही करणार नाही. सहीशिवाय पुढची फेरी नाही. रात्री साडेअकराला फोरमन स्वतः माझ्या खोलीशी आला, हातात माझ्यासाठी गमबूट. पोर्टलशी देवीचा फोटो होता, तिथे त्याने नारळ फोडला आणि मला पुढे घातलं.

बोगद्याच्या टोकाला, जिथे खोदकाम चालू असतं, त्या भिंतीला सगळे फेस म्हणतात. फेसवर बूमर यंत्राने भोकं पाडायची, दारू भरायची, सगळ्यांनी मागे यायचं, ब्लास्ट. मग पंख्याने धूर काढायचा, लोंबकळणारे दगड पोकलेनने पाडून घ्यायचे, मक, म्हणजे फुटलेला दगड, डंपरमध्ये भरून बाहेर न्यायचा. मग माझी पाळी. कोट्यवधी वर्षांत उजेड न पाहिलेला दगड माझ्या टॉर्चमध्ये ओला चमकत असायचा, आणि हा असा किती वेळ उभा राहील हे मला वीसेक मिनिटांत ठरवायचं असायचं. भेगा किती, कुठल्या दिशेला कललेल्या, त्यांत माती भरली आहे का, पाणी नुसतं पाझरतंय की धार लागलीय. तक्त्यावर फेसचं चित्र काढायचं, दगडाचा वर्ग लिहायचा, सही करायची. शॉटक्रीटचा थर किती जाड, बोल्ट किती, लोखंडी कमानी किती अंतरावर, हे सगळं त्या वर्गावर ठरतं. चांगल्या दगडात एका फेरीत दोन-अडीच मीटर पुढे जायचो. वाईट दगडात मीटरभरही मिळायचा नाही.

सह्याद्रीचा दगड मी कॉलेजात शिकले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर, शिस्तीत निजलेला. त्यात हातोडी खणखणते. आमच्या बोगद्यात होते 'मरी' नावाच्या खडकाचे थर. वर चढणाऱ्या हिमालयाची झीज नद्यांनी वाहून आणली, तिचा दगड झाला, आणि पुढे डोंगराने तोही मुडपून उभा केला. एक पट्टा वालुकाश्माचा, कठीण. त्याला लागून जांभळट तांबडा मातकट दगड, सुका असताना बरा वाटणारा. पाणी लागलं की साबणासारखा. रात्री ठीक असलेली भिंत सकाळी दोन-तीन सेंटीमीटर आत आलेली असायची. मोजण्यासाठी तिच्यावर खुणा बसवलेल्या असत, रोज दुर्बिणीने त्यांचं वाचन व्हायचं, आणि आकडे खाली येईपर्यंत कुणाला नीट झोप लागायची नाही.

डोंगर सुंदर आहे, हे मला त्या सहा वर्षांत फारसं आठवत नाही. एप्रिलमध्ये बकरवाल त्यांची शेरडं-मेंढरं घेऊन वरच्या कुरणांकडे जायचे आणि थंडीच्या तोंडाशी परत उतरायचे, अगदी आपल्या धनगरांसारखे. त्यांच्यामुळे डंपर अर्धा अर्धा तास अडायचे. तेवढा वेळ मात्र मी वर बघायची.

दुग्गा गेलं. मी बाबांना म्हटलं, "आता येईल." पोर्टलचं काँक्रीट क्षणभर दिसलं, त्यावरचा नंबर वाचायच्या आत आम्ही आत होतो.

एका जागेचा हिशेब मी आदल्या रात्री करून ठेवला होता. पोर्टलपासून ती जागा किती मीटरवर हे मला कधीच विसरता येणार नाही. ताशी पंच्याऐंशी किलोमीटर धरून किती सेकंद, ते कागदावर लिहून आणलं होतं. पण गाडी मध्येच हळू झाली, पुन्हा वेगात आली, आणि माझे सेकंद चुकले. बाहेर एकसारखी गुळगुळीत भिंत, पिवळे दिवे, केबलचे ट्रे. माझा सगळा दगड काँक्रीटच्या अस्तरामागे गेलेला. ती जागा कुठली ते मला कळेना. म्हणून पार बाहेर पडेपर्यंत मी हात जोडून बसले.

बाबांनी काचेत ते पाहिलं. "काय झालं व्हतं?" त्यांनी विचारलं. आठ वर्षांत घरात मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

२०१७ चा हिवाळा. त्या दुपारी फेसच्या डाव्या खांद्याला, छताजवळ, मातीचा बोटभर रुंद पट्टा होता. तो मी चित्रात काढला, मोजला, नोंदला. वर्ग चौथा लिहिला. पट्ट्यामागे दगड किती कुजला आहे हे बाहेरून दिसत नव्हतं. पाचवा लिहिला असता तर पुढची फेरी निम्मी झाली असती आणि छतात आधी पाइप गेले असते. रात्री ब्लास्ट झाला, बोल्ट मारायची तयारी चालू होती, आणि छतातून लूज, म्हणजे सुटा दगड, आला. वर पोकळी होत गेली. बोगद्यातली माणसं तिला चिमणी म्हणतात. गुमला जिल्ह्यातला एक हेल्पर खाली सापडला. बावीस वर्षांचा होता. दिवाळीला घरी जाऊन नुकताच परतला होता, येताना सगळ्यांसाठी ठेकुआ घेऊन आला होता. मलाही कागदात बांधून दोन दिले होते.

चौकशी झाली. माझा वर्ग योग्य होता असं ठरलं. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तक्ता बघून सांगितलं, मीही चौथाच लिहिला असता. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. मला दुसरीच एक भीती होती. आता कुणीतरी म्हणेल, बाई आत आली म्हणून झालं. कुणीही म्हणालं नाही. नेपाळी फोरमनने दुसऱ्या दिवशी फेसपासून थोडं मागे, पक्क्या छताखाली, माझ्यासाठी एक लाकडी स्टूल ठेवलं. काही बोलला नाही. त्यानंतर तीन वर्षं मी त्या स्टुलावर बसून तक्ते लिहिले, आणि शंका असेल तिथे आणखी वाईट दगडाचा वर्ग लिहिला. काम रखडतं म्हणून माझ्याबद्दल तक्रारी गेल्या. मी वर्ग बदलले नाहीत.

गाडी बाहेर आली, पूल ओलांडला, पुन्हा आत गेली. बाबा बराच वेळ गप्प होते. माझ्या पलीकडच्या सीटवर जम्मूला शिकणारा एक मुलगा कटऱ्यापासून झोपला होता. ना चिनाबला उठला ना अंजीला. तो घरी निघाला होता.

"जुलैतली गोष्ट," बाबा म्हणाले. "तू बारावीला व्हतीस. कटिंगमधून मी गस्त घालून गेलो. पाण्याचा आवाज येगळा येत व्हता. मी थांबलो. बॅटरी मारून वर बघितलं. काय दिसलं नाय. पाच मिनटं उभा राह्यलो आणि फुडं गेलो. पंधरा मिनटांनी आख्खी दरड खाली. मालगाडी मागच्या ठेसनात क्रॉसिंगला उभी व्हती म्हणून." ते थांबले. "ती थांबलेली ती माझ्यामुळं नव्हं."

"तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"आवाज आल्याचं? नाय. दरड पडली ती कळवली. आवाजाचं आज तुला सांगतोय."

आम्ही दोघांनी एकेक लाडू खाल्ला.

सांगलदानला गाडी थांबली नाही. इथून जवळ तत्तापाणी आहे, गरम पाण्याचे झरे. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी-तिघी कामावरच्या मुली तिथे जायचो. गंधकाचा वास आला की मला एकदम घर आठवायचं. आमच्या तालुक्यात तुरळला आणि राजवाडीला असेच झरे आहेत, आणि लहानपणी खरूज झाली की आई तिथे नेऊन बुचकळून काढायची. बाबांना हे सांगितलं तर त्यांना चिनाबच्या पुलापेक्षा त्याचंच नवल वाटलं. "हितंपण?" दोनदा विचारलं.

सुंबर आणि खडी या स्टेशनांच्या मधला १२.७७ किलोमीटरचा बोगदा हा तेव्हा देशातला वापरात असलेला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा. तीन किलोमीटरच्या वरच्या प्रत्येक बोगद्याला शेजारून सुटकेचा दुसरा बोगदा काढलेला आहे आणि दोघांना जोडणाऱ्या वाटा दर ३७५ मीटरवर. बाबांनी ते नीट समजून घेतलं. आत आग लागली तर माणसं कुठल्या बाजूला उतरवायची, दार कुणाकडे, दिवा कुणाकडे. गाडीच्या त्या डब्यात हे प्रश्न विचारणारे ते एकटेच असतील.

बनिहालला थंडी दारातून आत आली. एक म्हातारे गृहस्थ चढले, हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. त्यांचा मुलगा शेजारी उभा. ते सौऱ्याच्या इस्पितळात चालले होते. मुलगा म्हणाला, पूर्वी बर्फ पडलं की रस्ता बंद, मग रुग्णाला घेऊन वाट बघत बसायचं. बनिहालपासून खोऱ्यात जाणारी रेल्वे २०१३ पासूनच आहे, त्यामुळे त्यांच्या लेखी तिचं नवल संपलं होतं. त्याला अप्रूप होतं ते जम्मूकडच्या बाजूचं, रामबनची दरड टळल्याचं. त्या वर्षीच्या सप्टेंबरातही महामार्ग तुटला होता आणि सफरचंदांचे ट्रक दिवसच्या दिवस अडकले होते. तेव्हा बडगामहून दिल्लीला रोजची पार्सल गाडी सुरू झाली. "आंब्यासारखंच," बाबा मला म्हणाले. "दोन दिस अडकला का गेला."

मग पीर पंजालखालचा ११ किलोमीटरचा बोगदा. रस्त्याचा जुना जवाहर बोगदा याच्याही वर चारशेचाळीस मीटरवर आहे. आमच्या डोक्यावर आता एक आख्खी पर्वतरांग होती. नाशिकच्या मंडळींनी मोबाइल केव्हाच पिशवीत टाकले होते. बाई पेंगत होत्या. आणि गाडी बाहेर आली, तर समोर सगळं सपाट.

काझीगुंडच्या पुढे काश्मीरचं खोरं असं एकदम उघडतं की बोलणं थांबतं. कापलेली भातशेती, पेंढ्यांचे भारे उभे करून ठेवलेले, सफेद्याच्या पिवळ्या झाडांच्या रांगा, सफरचंदांच्या बागा, आणि मागे, आम्ही जिच्या पोटातून आलो ती रांग माथ्यावर बर्फाची पहिली भुकटी घेऊन. बाई खडबडून उठल्या. आता फोटोच फोटो. बाबांनी पहिल्यांदा चष्मा काढून पुसला. ते पेंढ्यांकडे बघत होते. "भात खातात हितं," त्यांनी समाधानाने जाहीर केलं. पांपोरला शेतांत जांभळी झाक होती आणि बायका वाकून केशराची फुलं खुडत होत्या. गाडी तिथे थांबत नाही.

श्रीनगरच्या प्लॅटफॉर्मवर सगळे बाहेरच्या दाराकडे गेले, बाबा उलट दिशेला. टोकाशी नारिंगी जाकिटातला एक तरुण हातात चावी घेऊन उभा होता. रुळाच्या चाव्या तपासत फिरणारा कीमन. बाबांनी त्याला आपण कोण ते सांगितलं. त्यांचं हिंदी आणि त्याचं हिंदी, दोन्ही मोडकी. बर्फात गस्त कशी घालता, बूट कुठले मिळतात, बीट किती किलोमीटरची, एकटा की जोडीने. पोराने खिशातून मोबाइल काढून मागच्या जानेवारीचा फोटो दाखवला. गुडघाभर बर्फ, त्यातून दोन काळ्या रेघा, आणि त्यांच्या मध्ये तो. बाबांनी तो फोटो खूप वेळ पाहिला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. निघताना उरलेले लाडू डब्यासकट त्याला दिले. डबा आईचा होता, त्यावर तिचं नाव कोरलेलं.

चार दिवसांनी परतीच्या गाडीत आमच्या जागा त्याच, खिडकी आणि शेजारची. मी बाबांना पुढे सोडण्यासाठी थांबले, तर ते बाजूला होऊन उभे राहिले.

"तू बस खिडकीशी. सहा वर्षं व्हतीस, बघितलंस कुठं काय."

मी बसले. काझीगुंड गेलं, मोठा बोगदा गेला, बनिहालचं ऊन गेलं. मग खिडकीत काळोख आला तो बराच वेळ राहिला. बाबांना डुलकी लागली होती, त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी काचेला तळवा लावला. काच गार होती आणि बारीक थरथरत होती. सांगलदान मागे पडल्यावर मी कागद काढला नाही, सेकंद मोजले नाहीत. आमचा बोगदा आला तेव्हा मला तो त्याच्या वळणावरून कळला, डावीकडे हळूच झुकत जाणाऱ्या त्या लांब वळणावरून. ते वळण मी सहा वर्षं पायी चालले होते. वळणाच्या पुढे वालुकाश्माचा पट्टा, मग जांभळी माती, मग पुन्हा वालुकाश्म, आणि तिथून पुढे ती जागा. भिंतीवर एक दिवा गेला. मग दुसरा.